तिसरीतली तीन गैरहजर मुलं

आमच्या घरात देवनागरी वाचता येणारा आता मी एकटाच उरलो आहे. माझी बायको विनुता घरात मराठी बोलते, पण लिहिते-वाचते ते तमिळ. म्हणून तिच्याविषयी हे मी बिनधास्त लिहितो. तमिळमध्ये लिहायला घेतलं असतं तर दुसऱ्याच ओळीला तिनं वही ओढून घेतली असती. कोणी वाचलं तर? वरपर्यंत गेलं तर? हे 'वर' म्हणजे नक्की कुठे, ते तिला विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं होतं, तर दोन दिवस नुसता रसम-भात मिळाला.

विनुता भित्री आहे. प्रेमानं सांगतो, पण खरं तेच सांगतो. गॅस बंद केला का ते ती तीनदा बघते. फोन वाजला की आधी हात छातीवर जातो, मग फोनवर. तिचे वडील सूर्यनारायणराव तालुका कचेरीत होते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. तंजावरच्या मेलवीथीतलं त्यांचं घर पुढे तिच्या भावांना मिळालं, हिच्या वाट्याला ही भीती आली.

अशी बाई एकोणतीस वर्षं सरकारी शाळेत टीचर आहे. पापनाशमच्या पुढे, कालव्याच्या काठावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या पंचायतीच्या शाळेत पहिली ते आठवी मिळून शहाऐंशी मुलं. तंजावरहून एक बस, पापनाशमहून दुसरी, असा तिचा रोजचा प्रवास. गावात तिला 'रायर टीचर' म्हणतात, कारण आम्हा मराठी लोकांना इथे रायर म्हणायची रीत आहे. इतक्या वर्षांत तिनं एका मुलावर हात उगारला नाही. लहान मुलांना अक्षरं शिकवताना तिला बघावं. तेवढा वेळ ती कोणालाच भीत नाही. पण चार वर्षांपूर्वी ज्येष्ठतेनं तिला हेडमिस्ट्रेस केलं, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागला.

पूर्वी शाळा तपासायला साहेब वर्षातून एकदा जीपमधून यायचे. त्यांना नारळपाणी द्यायचं, मुलांकडून एक गाणं म्हणून घ्यायचं, की झालं. आता साहेब रोज येतात, हेडमिस्ट्रेसच्या फोनातून. दहाच्या आत हजेरी भरायची. सकाळचा नाश्ता किती मुलांनी खाल्ला ते भरायचं. नळाला पाणी आहे का, कुठल्या मुलाला कुठलं अक्षर येतं, सगळं भरायचं. हे सगळं राज्याच्या राजधानीला जातं आणि तिथून रंग होऊन परत येतं. बरी शाळा हिरवी, जेमतेम असेल ती पिवळी, वाईट ती लाल. महिन्याच्या आढावा बैठकीत सगळ्या हेडमास्तरांना सभागृहात बसवतात आणि भल्यामोठ्या पडद्यावर शाळांची नावं रंगांसकट दाखवतात. मग जिल्ह्याची बेरीज. आपला जिल्हा राज्यात कितवा, यावर साहेबांचा चेहरा ठरतो, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर खालच्या सगळ्यांची झोप.

या सगळ्याच्या वर एक पाहणी असते. राज्यातल्या काही शाळा निवडतात, एखादा वर्ग उचलतात, बाहेरचा माणूस सीलबंद पेपर घेऊन येतो आणि मुलांची परीक्षा घेतो. गेल्या वर्षी विनुतेची शाळा त्यात सापडली आणि लाल झाली. बैठकीत तिला उभं केलं, हातात माईक दिला आणि म्हणाले, कारण सांगा. ती काहीच बोलू शकली नाही. त्या रात्री मला तिनं एवढंच सांगितलं, "माईकात माझा श्वास ऐकू येत होता हो. सगळे ऐकत होते."

यंदा नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा पत्र आलं. तुमची शाळा, तिसरीचा वर्ग, डिसेंबरातला अमुक मंगळवार.

पत्र वाचून तिची पाचावर धारण बसली. तिसरीत चौदा मुलं. अकरा अडखळत का होईना वाचतात, पण तिघांना अजून अक्षरंही लागत नाहीत. तीन मुलांनी चौदांची सरासरी कुठे जाते ते तिनं कागदावर चार वेळा मांडून बघितलं, आणि चारही वेळा उत्तर तेच आलं.

"इत्ता मी काय करूं हो?" तिनं विचारलं. आमच्या तंजावरी बोलण्यात आत्ताला इत्ता म्हणतात.

इथे माझी गोष्ट येते, आणि ती मला लपवायची नाही. मी नोकरीभर भाताच्या पीक-कापणीचे प्रयोग घेतले. तालुक्यात पीक किती आलं हे ठरवायला सगळी शेतं कोणी कापत नाही. वरून एक आकडा येतो. त्या आकड्याप्रमाणे शेताच्या कोपऱ्यापासून पावलं मोजायची, जिथे थांबाल तिथे खुंट्या ठोकायच्या आणि तेवढाच चौकोन कापून वजन करायचं. तिथे पीक मेलेलं असलं तरी तिथेच. हा नियम. पण एकदा माझा आकडा अगदी उंदरांनी खाल्लेल्या तुकड्यात आला, आणि शेतकरी नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा मी दोन पावलं उजवीकडे सरकलो होतो. कोणाला कळलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट मी हुशारी म्हणून सांगत आलो.

तीच हुशारी मी बायकोला दिली. म्हटलं, "त्या तीन पोरांना त्या दिवशी घरी राहायला सांग. सुम्मा, नुसता एक दिवस. ताप आला म्हणून लिही. कोण हुडकायला जातंय?"

"पाप आहे हो ते."

"पाप कसलं? एक दिवस शाळा बुडली म्हणून कोण मेलंय?"

हे शब्द माझेच.

त्या तिघांत एक वासुकी होती. आठ वर्षांची, किरकोळ, कानात दोऱ्याच्या बाळ्या. तिचा बाप बदकांचा कळप घेऊन गावोगावच्या शेतांतून फिरतो, महिना महिना घरी नसतो. आई कामाक्षी सकाळी आठला दाराला कुलूप लावून शेतावर जाते. म्हणून वासुकी शाळेत सगळ्यांच्या आधी येई, हातात आपलं स्टीलचं ताट घेऊन, आणि सगळ्यांच्या नंतर जाई. वर्षभरात एक दिवस तिची गैरहजेरी नव्हती. अक्षर येत नसे, पण ताटं मोजायला सांगितली तर चुकत नसे.

सोमवारी दुपारी विनुतेनं तिघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, उद्या परीक्षा आहे, तुम्ही घरी राहा, परीक्षा संपली की मग या. तिनं हे मुलांना सांगितलं, आईबापांना नाही. आईबापांना सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. बाकी दोघांच्या घरी आजी-आजोबा होते. वासुकीच्या घराला कुलूप असतं हे विनुतेला माहीत होतं, पण त्या दिवशी भीतीनं ते तिच्या डोक्यातून पार निघून गेलं.

त्याआधी तीन दिवस पावसानं झोडपलं होतं. एक दिवस तर जिल्ह्याच्या शाळांना पावसाची सुट्टी दिली होती. मंगळवारी आभाळ गच्च होतं, बसचा भरवसा नव्हता, म्हणून मी तिला मोपेडवर घेऊन निघालो. वाटेत कालवा बघितला. एरवी पायऱ्यांच्या खाली असणारं मातकट पाणी वरच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं आणि केळीचे खुंट घेऊन धावत होतं. विनुतेनं मागून माझा शर्ट घट्ट धरला होता. आम्ही साडेआठच्या आत शाळेत पोचलो.

पाहणीला आलेली मुलगी कुठल्याशा अध्यापक महाविद्यालयात शिकत होती, चोविशीची असेल. तिलाही दर तासाला फोटो काढून वर पाठवायचे होते, आणि तिच्या कंपनीच्या फोनला त्या गावात रेंज नव्हती. ती घाबरून अजूनच कडक झाली होती. "चौदातले अकराच?" तिनं विचारलं.

"ताप," विनुता म्हणाली. "तिघांना ताप आहे."

पावणेदहाला विनुतेनं फोनवर हजेरी भरली. तीन नावांपुढे गैरहजर दाबलं. सव्वादहाला तिसरीचं दार लागलं. आत मुलं आणि ती मुलगी, बाहेर कोणी फिरकायचं नाही. विनुता ऑफिसात बसली आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर. सगळं सुरळीत चाललं होतं. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

साडेदहाच्या सुमाराला फाटकातून एक बाई धावत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फोन. ती कामाक्षी होती.

"सार," ती मला म्हणाली, "माझ्या फोनवर शाळेचा मेसेज आलाय. शेजारच्या पोरानं वाचून दाखवला. वासुकी आज गैरहजर, असं लिहिलंय. ती तर आठलाच घरातून निघाली. मी स्वतः वळणापर्यंत आले होते."

हजेरीत गैरहजर दाबलं की आईबापाला आपोआप मेसेज जातो, हे विनुतेला माहीत होतं, पण त्या घाईत आठवलं नाही. मला तर माहीतच नव्हतं. आई समजत होती पोर शाळेत, शाळा समजत होती पोर घरी. आणि दोन तास ती कुठेच नव्हती.

विनुता ऑफिसच्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एवढ्यात स्वयंपाकाची कृष्णवेणी पदराला हात पुसत मागून आली.

"वासुकी? ती सकाळी आली होती की. नाश्त्याचा पोंगल खाल्ला. मग तुमच्या मोपेडचा आवाज आला तशी ताट उचलून मागच्या दारानं पळाली. मी म्हटलं काय गं, तर म्हणाली, टीचरनं यायचं नाही सांगितलंय."

कामाक्षीनं विनुतेकडे बघितलं. "यायचं नाही असं का सांगितलं टीचर?"

कामाक्षी उत्तराला थांबलीही नाही. ती मागच्या दाराकडे धावली, तिच्यामागे कृष्णवेणी आणि मी.

शाळेच्या मागे बांध आहे आणि बांधापलीकडे कालवा. पायऱ्यांशी पोचलो. वरून पहिल्या पायरीवर स्टीलचं ताट पडलं होतं, धुतलेलं, स्वच्छ. त्याच्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव होतं. पाणी त्याच्यापासून एक वीत खाली धावत होतं.

कामाक्षी ओरडली नाही. ती खाली बसली आणि तिनं ते ताट उचलून मांडीवर घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सदुसष्ट वर्षांचा माणूस, मला पोहता येत नाही, मी त्या पाण्याकडे बघत उभा होतो आणि माझ्याच आवाजात ऐकत होतो, एक दिवस शाळा बुडली म्हणून कोण मेलंय.

गाव गोळा झालं. दोन तरुणांनी कमरेला दोर बांधून पाण्यात उडी घेतली. कोणी बांधानं खालच्या मोरीकडे पळालं, कारण वाहत गेलेलं सगळं तिथे अडकतं. बाकीचे जिकडेतिकडे "वासुकी! वासुकी!" म्हणून हाका मारत सुटले. पुरुषांचे ते मोठे आवाज पाण्यावरून परत येत होते. पुन्हा पाऊस सुरू झाला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मोरीपाशी पोचलेल्यांनी हात वर करून हलवले, काही नाही म्हणून. तेवढ्यानं कोणाचा जीव भांड्यात पडणार?

मी मागे वळून बघितलं. विनुता शाळेच्या आत गेली होती. मला वाटलं, फिट आली की काय. तसाच धावलो. ती तिसरीच्या बंद दारापाशी होती. तिनं दार ढकललं. आतली मुलगी रागानं उठली. "मॅडम, आत यायचं नाही. मला हे लिहावं लागेल."

"लिही," विनुता म्हणाली. "तिघांना ताप नाही. मी त्यांना घरी ठेवलं. त्यातली एक सापडत नाही. असंच लिही, माझं नाव घालून. आणि परीक्षा थांबव, ह्या मुलांना तिच्या लपायच्या जागा ठाऊक असतील."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना जागा ठाऊक नव्हत्या. पण पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, ती ओ देणार नाही. तुम्हीच सांगितलंय ना, परीक्षा संपेपर्यंत यायचं नाही. तिला वाटेल पकडायला आले."

विनुता बांधावर गेली. छत्री नाही, चपला नाहीत. तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गावातले दांडगे पुरुष, पण त्यांतले निम्मे तिच्याकडेच अक्षरं गिरवलेले. ते गप्प झाले. मग तिनं वर्गात मारते तशी, ओळखीची हाक मारली. "वासुकी, परीक्षा संपली! ये कण्णू, ये बाळ, परीक्षा संपली!"

काहीच हललं नाही. पाऊस आणि पाणी, दुसरा आवाज नाही. तिनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिचा आवाज फुटला.

शाळेच्या भिंतीलगत एका ट्रॅक्टरची ट्रॉली निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. आम्ही सगळे तिच्याजवळून दहा वेळा गेलो होतो. ताडपत्रीचं टोक उचललं गेलं आणि त्यातून दोन पाय खाली आले.

कामाक्षीनं तिला आधी एक चापट मारली, मग छातीशी धरलं, मग ती ओरडली. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं त्या एका ओरडण्यात आलं. पाण्यातले दोघं बाहेर येऊन चिखलातच बसले. कोणी रडत होतं, कोणी विनाकारण हसत होतं. विनुता गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

वासुकी आईच्या मागे सरकली. "टीचर, मी वर्गात नव्हते आले," ती म्हणाली. "फक्त नाश्ता खाल्ला, ताट धुऊन पायरीवर ठेवलं. मग बाहेरच होते. आईशपथ, बाहेरच होते."

ती थरथर कापत होती. थंडीनं असेल असं मला वाटलं, म्हणून मी माझं उपरणं पुढे केलं. पण ती विनुतेकडे बघून कापत होती. एकोणतीस वर्षांत एकाही पोरानं विनुतेकडे बघून असं केलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाहणीच्या त्या मुलीनं लिहायचं ते लिहिलं. शाळा लाल झालीच, शिवाय नोटीस आली. जानेवारीच्या बैठकीत विनुतेला पुन्हा उभं केलं. तिनं माईक घेतला आणि जे केलं ते सांगितलं. सल्ला कोणाचा हे मात्र सांगितलं नाही. ते मी तिला सांगायला सांगितलं होतं. साहेबांनी कागद उलटला आणि पुढच्या शाळेचं नाव घेतलं, म्हणे. चौकशी अजून चालू आहे. पगारवाढ थांबेल, कदाचित बदली होईल. मी घाबरतो. ती आता त्याविषयी बोलत नाही.

तिनं घाबरायचं सोडलं असं मात्र नाही. गॅस ती अजून तीनदा बघते. पण आता ती भलतीच लवकर निघते. पहाटे सहालाच डबा भरलेला असतो, बस चुकली की माझ्या पाठीमागे लागते, मोपेड काढा, मोपेड काढा. एकदा मी चिडलो. म्हटलं, "तुझी शाळा सव्वानऊची, आठलाच जाऊन काय करतेस?"

"ती रोज फाटकाशी थांबते हो," विनुता म्हणाली. "ताट घेऊन. मला विचारते, टीचर, आज येऊं का? मी ये म्हणाले की मगच आत येते."

"कृष्णवेणी असते की. तिला सांग, ये म्हणायला."

"सांगटलं. दुसरं कोणी म्हटलं तर ती येत नाही. बाहेरच उभी राहते."